मेश बसवला, तरी वरच्या खोलीत इंटरनेट रडतंच आहे

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका ताईंचा प्रश्न आहे. तळमजला आणि वर दोन मजले असं रो-हाउस, 200 एमबीपीएसचा फायबर प्लॅन, महिन्याभरापूर्वी घेतलेला तीन युनिटचा मेश (एकमेकांना जोडलेले, एकाच नावाचा वायफाय घरभर पसरवणारे डबे). खाली हॉलमध्ये 190 मिळतो. पहिल्या मजल्यावर मागच्या बेडरूममध्ये, जिथून त्या ऑफिसचं काम करतात, तिथे 35-40. दुसऱ्या मजल्यावर मुलाच्या खोलीत 10-12, तोही मधेच गायब. शिवाय पार्किंगमधला वायफाय कॅमेरा मेश लावल्यापासून बंद. दुकानदाराचं म्हणणं, अजून एक युनिट घ्या. घ्यावं का?

नका घेऊ. आहेत त्या तिघांनाच नीट बसवायचं आहे, आणि एक वायर ओढायची आहे.

मी 2007 पासून हे काम करतो. सुरुवात अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत केबल ओढण्यापासून झाली, घरगुती कामं नंतर आली. मेश आल्यापासून निम्मे फोन याच तक्रारीचे असतात: डबे आणले, चकचकीत दिसतात, ॲपमध्ये सगळे हिरवे आहेत, आणि स्पीड नाही. ॲपमधला हिरवा ठिपका एवढंच सांगतो की जोडणी आहे. किती दमाची आहे ते तो सांगत नाही.

मेशचं युनिट इंटरनेट तयार करत नाही. खालच्या युनिटकडून जे हवेतून मिळतं तेच ते पुढे देतं. म्हणजे तुमच्या बेडरूममधल्या फोनवर सगळ्या दांड्या दिसतील, कारण युनिट तीन फुटांवर आहे, पण त्या युनिटला स्वतःलाच खालून अर्धपोटी मिळत असेल तर तुम्हाला ते कुठून देणार? त्यात आपण घेतो ते बहुतेक मेश ड्युअल बँड, म्हणजे 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ अशा दोनच पट्ट्यांवर चालणारे असतात. एकच 5 गिगाहर्ट्झचा रेडिओ खालच्या युनिटशीही बोलतो आणि तुमच्या लॅपटॉपशीही, आणि दोन्ही एकाच वेळी करू शकत नाही. त्यामुळे दर उडीला स्पीड साधारण निम्मा होतो. खालून स्लॅब फोडून 80 आले, तर तुमच्या हाती 40. तिसऱ्या युनिटने ते दुसऱ्याकडून घेतले, मध्ये आणखी एक स्लॅब, की 10-12. तुमचे आकडे या हिशोबात तंतोतंत बसतात, म्हणून मला मेशच्या मालात खोट वाटत नाही. चौथं युनिट आणलंत तर रांगेत आणखी एक माणूस उभा राहील, बस.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंत तीन गोष्टी दिसल्या. पहिलं युनिट टीव्ही युनिटच्या काचेच्या दाराआड, फायबरच्या डब्याला (इंटरनेट कंपनीच्या राउटरला) खेटून. दुसरं बेडरूममध्ये लोखंडी कपाटावर. तिसरं मुलाच्या पुस्तकांच्या फडताळात, मागे आरसा. दिसायला छान. पण धातूचा पत्रा आणि आरशामागचा मुलामा रेडिओ लहरींना पलीकडे जाऊ देत नाहीत, आणि दुसरं युनिट हॉलमधल्या युनिटपासून स्लॅबमधून तिरकं पडतं. सरळ वर गेलं तर लहर जेवढ्या काँक्रीटमधून जाते त्यापेक्षा तिरकं गेल्यावर बरंच जास्त काँक्रीट आणि सळया मध्ये येतात.

घराची बांधणी किती फरक पाडते याचं एक उदाहरण देतो. पंचवटीत एका जुन्या वाड्यात काम केलं होतं. तळमजल्याच्या भिंती दोन फूट जाड, विटा आणि मातीच्या. शेजारच्या खोलीत 5 गिगाहर्ट्झ शून्य. पण माडीवर, बरोबर डोक्यावरच्या खोलीत, झकास रेंज, कारण मध्ये फक्त सागवानी तुळया आणि फळ्यांची तक्तपोशी. तिथे युनिटं एकावर एक न ठेवता आडवी पसरावी लागली. तुमच्या रो-हाउसमध्ये बरोबर उलट आहे. आतल्या भिंती चार इंची, त्या फारसा त्रास देत नाहीत. शत्रू आहे तो स्लॅब. म्हणून दुसऱ्याच्या घरची मांडणी बघून आपल्याकडे युनिटं ठेवू नयेत.

आता कामाला लागा. पण युनिट हलवायच्या आधी एक गोंधळ निस्तरायचा आहे.

तुम्ही लिहिलंय की जुन्या राउटरचंच, म्हणजे फायबरच्या डब्याचंच, नाव आणि पासवर्ड मेशला दिला, म्हणजे घरातले सगळे फोन आपोआप जोडले जातील. कल्पना चांगली, पण डब्याचा स्वतःचा वायफाय चालूच राहिला. आता एकाच नावाचे दोन मालक घरात आहेत. फोन कोणाला धरेल ते फोनच ठरवतो, राउटर नाही, आणि एकदा धरलं की तो सहजासहजी सोडत नाही. वर गेल्यावरही तो खालच्या डब्यालाच चिकटून बसतो. शिवाय डबाही आयपी पत्ते (प्रत्येक उपकरणाचा नेटवर्कवरचा नंबर) वाटतो आणि मेशही, म्हणजे घरात दोन वेगवेगळी नेटवर्कं झाली. टीव्ही डब्यावर आणि फोन मेशवर असला की फोनमधून टीव्हीवर काही टाकायचं तर टीव्ही दिसतच नाही. प्रिंटरचं तेच.

यावर दोन उपाय. एक, फायबरचा डबा ब्रिज मोडमध्ये टाकायचा आणि राउटरचं सगळं काम मेशकडे द्यायचं. दोन, डब्याला राउटर राहू द्यायचं आणि मेशला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकायचं, म्हणजे त्याने फक्त वायफाय पसरवायचा. नेटवर्कची आवड असलेले पहिला सुचवतात. मी घरगुती गिऱ्हाइकाला दुसराच सांगतो. ब्रिजसाठी कंपनीकडून पीपीपीओईचं (लाइनवर लॉगिन करायचं) युजरनेम-पासवर्ड, कधी व्हीलॅन आयडी नावाचा नंबर लागतो, फायबरवरचा लँडलाइन फोन बंद पडायची शक्यता असते, आणि पुढे लाइन बिघडली की कंपनीचा माणूस येऊन आधी डबा रीसेट करतो, मग तुम्ही परत मला फोन करता. ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये हे काही होत नाही. तोटा एवढाच की अनेक मेशमध्ये मुलांसाठीची वेळेची बंधनं वगैरे सोयी या मोडमध्ये चालत नाहीत. त्या हव्याच असतील तर ब्रिजच्या मागे लागा, नाहीतर नाही.

तर डब्याखालच्या स्टिकरवर पत्ता असतो, बहुधा 192.168.1.1. तो ब्राउझरमध्ये उघडा, लॉगिन करा आणि वायफाय बंद करा. 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ दोन्ही वेगवेगळे बंद करावे लागतात. एक बंद करून दुसरा विसरणारे खूप बघितलेत. मग मेशच्या ॲपमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड निवडा. टीपी-लिंकच्या डेको मेशच्या ॲपमध्ये तो ऑपरेशन मोड या नावाखाली असतो, बाकीच्यांतही असाच कुठेतरी ॲडव्हान्स्डमध्ये. मेश पुन्हा सुरू होईल, पाच मिनिटं हात लावू नका.

त्यानंतर फोन हातात घेऊन घरात फिरायचं. अँड्रॉइडवर वायफाय ॲनालायझर प्रकारचं कुठलंही ॲप चालेल. आयफोनवर ॲपलचं एअरपोर्ट युटिलिटी घ्या आणि फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा वायफाय स्कॅनर चालू करा. वरची दोन युनिटं बंद ठेवा, फक्त हॉलमधलं चालू, तेही काचेआडून बाहेर काढून टीव्ही युनिटच्या वर उघड्यावर. आता सिग्नलच्या ताकदीचा आकडा बघायचा, तोही 5 गिगाहर्ट्झचा. तो उणे असतो आणि शून्याच्या जवळ जेवढा, तेवढा चांगला.

गेल्या महिन्यात पाथर्डी फाट्याजवळच्या तुमच्यासारख्याच घरात मी हे केलं, त्याचे आकडे सांगतो. हॉलमध्ये सोफ्यावर उणे 45. जिन्याच्या पहिल्या पायरीवर उणे 52. जिन्याच्या मधल्या वळणावर, जिथे त्यांनी कुंडी ठेवली होती, उणे 61. वरच्या पॅसेजमध्ये उणे 66. बेडरूमच्या दारात उणे 74. आत टेबलापाशी उणे 83. त्यांचं युनिट होतं टेबलापाशी. आता 3 डेसिबल कमी झाले की ताकद निम्मी होते आणि 10 कमी झाले की दहावा भाग उरतो, म्हणजे उणे 61 आणि उणे 83 मध्ये दीडशे पटींहून जास्त फरक आहे. युनिट पॅसेजमध्ये आणलं, वळणाच्या बाजूच्या कोनाड्यात. बेडरूममधला स्पीड 30 वरून 90 च्या पुढे गेला. एक पैसा खर्च नाही. (कुंडी तिथेच आहे, काकूंनी ती हलवू दिली नाही.)

लोक इथेच चुकतात. जिथे रेंज नाही तिथे युनिट ठेवतात. युनिट ठेवायचं ते जिथे रेंज अजून चांगली आहे तिथे, म्हणजे उणे 65 च्या आसपास, आणि तिथून ते पुढची खोली सांभाळतं. रो-हाउसमध्ये जिना ही देणगी आहे. स्लॅबला पडलेलं ते एकमेव भोक. त्याचा फायदा घ्या.

एवढ्याने तुमच्या बेडरूमचं काम बहुधा भागेल. मुलाच्या खोलीचं नाही. दोन स्लॅब हवेतून पार करायला मी कुणालाच सांगत नाही. तिथे वायर.

वायर म्हटलं की भिंती फोडायच्या का, हा पुढचा प्रश्न. नाही. अशा रो-हाउसमध्ये हॉलपासून वरच्या खोल्यांपर्यंत टेलिफोनचा किंवा केबल टीव्हीचा कन्सिल्ड पाइप बहुधा असतो. स्विच बोर्डाशेजारी एक कोरी प्लेट असेल, ती उघडा. आत जुनी टेलिफोनची वायर दिसली तर नशीब समजा. ती कापू नका. तिच्या एका टोकाला नवी लॅन केबल इन्सुलेशन टेपने घट्ट बांधा, गाठ जाड होऊ देऊ नका, आणि दुसऱ्या टोकाने जुनी वायर हळूहळू ओढा. एकाने वरून ओढायचं, एकाने खालून ढकलायचं. अडकली तर थोडी मागे घेऊन परत ओढा, हिसका देऊ नका. जुनी वायर नसेल तर वायरमनकडे पाइपात घालायची स्प्रिंग असते. विजेच्या वायरींच्या पाइपातून मात्र लॅन केबल नेऊ नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.

केबल कॅट 6, शुद्ध तांब्याची. 305 मीटरचा अख्खा बॉक्स घ्यायची गरज नाही, मेन रोडवरच्या दुकानांत मीटरवर मिळते. घेताना एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत चंदेरी दिसली तर ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली आहे, परत करा. कनेक्टरपाशी दोन पावसाळ्यांत तुटते. बाहेरच्या भिंतीवरून नेणार असाल तर काळ्या आवरणाची, उन्हात टिकणारी.

आता एक आकडा लक्षात ठेवा: 94. वायर टाकल्यावर स्पीड नेमका 93-94 वर अडकला आणि हलायलाच तयार नसला, तर दोष मेशचा नाही, कंपनीचाही नाही. वायरच्या आठ तारांपैकी एखादी लागलेली नाही. गिगाबिटला (1000 एमबीपीएसला) आठही तारा लागतात. चारच जुळल्या की जोडणी गुपचूप 100 वर उतरते आणि त्यातून प्रत्यक्षात 94 च्या आसपास मिळतात. गोविंदनगरमध्ये एका डॉक्टरांकडे मी दोन तास ॲपमध्ये डोकं घातलं होतं, शेवटी भिंतीतली प्लेट उघडली तर आधीच्या माणसाने तपकिरी जोडी इंटरकॉमला वापरलेली! तेव्हापासून मी आधी प्लेट उघडतो, मग लॅपटॉप. क्रिम्पिंगचा (टोकाला कनेक्टर दाबून बसवताना तारांचा) क्रम दोन्ही टोकांना एकच ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागले पाहिजेत. मधे नेटवर्क स्विच (एका केबलला अनेक फाटे देणारा डबा) घालणार असाल तर तोही गिगाबिटचाच.

ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये ही वायर फायबरच्या डब्यातून निघाली काय आणि हॉलच्या युनिटमधून निघाली काय, चालतं. राउटर मोड ठेवलात तर मात्र ती मुख्य युनिटच्या मागूनच निघायला हवी. वायर लागली की तिसरं युनिट आपोआप हवेतली जोडणी सोडून वायर धरतं, ॲपमध्ये तसं लिहून येतं. आणि मग त्या खोलीत हॉलइतकाच स्पीड.

कॅमेऱ्याचं कारण वेगळं आहे. असे कॅमेरे, स्मार्ट प्लग, गिझरचे स्विच बहुतेक फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात, आणि जुन्या मालाला डब्ल्यूपीए3 (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत) कळत नाही. तुमचं नाव-पासवर्ड तेच असलं तरी मेशने सुरक्षा डब्ल्यूपीए3 ठेवली असेल तर कॅमेरा दारातूनच परत जातो. ॲपमध्ये आयओटी (स्मार्ट उपकरणांसाठीचं) नेटवर्क असा पर्याय असेल तर वेगळ्या नावाने, फक्त 2.4 वर आणि डब्ल्यूपीए2 ठेवून ते सुरू करा आणि कॅमेरा नव्याने त्यावर जोडा. घरचे लॅपटॉप-फोन मुख्य नेटवर्कवर, डब्ल्यूपीए2 आणि 3 मिश्र. हेच करताना डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण दाबून जोडायची सोय) बंद करून टाका. फास्ट रोमिंग नावाचा, फोनला एका युनिटवरून दुसऱ्यावर पटकन नेणारा पर्याय चालू केल्यावर एखादा जुना फोन सारखा तुटायला लागला तर तो पर्याय बंद करा, नवे फोन त्याशिवायही नीट फिरतात.

चॅनेलच्या भानगडीत फार पडू नका. 2.4 वर रुंदी 20 मेगाहर्ट्झ आणि चॅनेल 1, 6 किंवा 11, कारण एकमेकांवर न चढणारे एवढेच. रो-हाउसच्या ओळीत दोन्ही बाजूंच्या भिंती सामाईक, त्यामुळे शेजाऱ्यांचे राउटर यादीत तुमच्याइतकेच ठळक दिसतील. 5 गिगाहर्ट्झवर 52 ते 144 हे चॅनेल रडारसोबत वाटून घ्यायचे असतात. राउटरला रडारचा भास जरी झाला तरी नियमाप्रमाणे त्याला ते चॅनेल सोडावं लागतं. वरचं युनिट दिवसातून एकदोनदा विनाकारण तुटत असेल तर हे तपासा आणि 36 किंवा 149 ठरवून द्या, ॲपमध्ये तशी सोय असेल तर.

वीज हा आपल्याकडे नेटवर्कचाच भाग. इन्व्हर्टर असला तरी लाइट जाताना क्षणभर झटका बसतो, डबा बंद होऊन चालू होतो आणि ऑफिसची मीटिंग तुटते. फायबरच्या डब्याला आणि हॉलच्या युनिटला 12 व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. घेण्यापूर्वी दोन्ही ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा; काही मेशचे ॲडॉप्टर 12 व्होल्टचे नसतात, आणि पिन बसली म्हणून व्होल्टेज जुळलं असं होत नाही. वरच्या युनिटांना बॅकअप नसेल तर ती बंदच पडणार, हे घरच्यांना सांगून ठेवा.

गच्चीवर कॅमेरा लावायचा विचार असेल तर तांब्याची लॅन केबल उघड्या गच्चीवरून लांबवर नेताना सांभाळा. वळवाच्या पहिल्या गडगडाटात आजूबाजूला वीज पडली की त्या केबलमधून झटका थेट स्विचच्या पोर्टमध्ये येतो. दिंडोरी रोडला एका द्राक्षबागेतल्या बंगल्यात एका रात्रीत चार पोर्ट आणि एक युनिट गेलं. घरापासून पंपघरापर्यंत केबल झाडांवरून नेलेली होती. आता तिथे फायबर टाकून दोन्ही टोकांना कन्व्हर्टर बसवलेत. फायबर काचेची असते, आणि काचेतून विजेचा झटका येत नाही.

सांभाळायचं म्हणाल तर थोडंच आहे. मेशच्या ॲपचं खातं तुमच्याच ईमेलवर आहे ना, हे आजच बघा. बसवणारा मुलगा घाईत स्वतःच्या नंबरवर खातं उघडतो आणि सहा महिन्यांनी त्याचा फोन लागत नाही; मग सगळं रीसेट. ॲडमिनचा पासवर्ड वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा. फर्मवेअर (युनिटांमधलं सॉफ्टवेअर) महिन्यातून एकदा बघायचं, रात्री झोपण्यापूर्वी अपडेट करायचं, मीटिंगच्या आधी नाही. रोज राउटर बंद-चालू करायची सवय लावून घेऊ नका. तशी गरजच पडत असेल तर कुठेतरी बिघाड आहे.

आणि स्पीड अचानक सगळ्याच घरात पडला तर मेशकडे बघूच नका. फायबरच्या डब्याच्या पानावर रिसीव्ह पॉवर असा आकडा असतो. तो उणे 15 ते उणे 25 च्या दरम्यान असेल तर ठीक. उणे 27 च्या खाली गेला असेल किंवा एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागला असेल तर लाइन बाहेर तुटली किंवा दबली आहे. आधी टीव्हीमागे पिवळी किंवा पांढरी फायबर कुठे दुमडली नाही ना ते बघा, मग कंपनीला आकडा सांगूनच तक्रार करा; आकडा ऐकला की समोरचा माणूस राउटर बंद करून चालू करा म्हणत बसत नाही. 2027 च्या सिंहस्थाची कामं चालू असेपर्यंत जेसीबीने फायबर तोडल्याचे प्रकार होत राहणार, त्यावर माझ्याकडेही इलाज नाही.

वायर टाकून झाली की बेडरूममध्ये परत मोजा. 100 च्या वर आला तर तिथेच थांबा. नाहीच आला, तर त्याच पाइपातून पहिल्या मजल्यालाही एक केबल ओढून घ्या. वायरमन आलेलाच असतो, दोन्ही एकदमच ओढून घेतल्यात तर दुसऱ्यांदा बोलवायला नको. दुकानदाराला सांगा, चौथं युनिट नको, 30 मीटर केबल दे.